दोन महासत्ता आणि आक्काचा हौद

मराठवाड्यात निघालो असं सांगितलं की चिपळूणची माणसं पहिल्यांदा पाण्याचंच विचारतात. मी मूळचा तिकडचा असूनही चाळीसहून जास्त वर्षं इथं काढल्यामुळे मलाही आता तीच धास्ती बसली आहे. म्हणून बॅगेत पाण्याच्या चार बाटल्या टाकल्या आणि निघालो. त्या बाटल्यांचा काही उपयोग झाला नाही. उपयोग व्हायला हवा होता तो छत्तीस वर्षांच्या मास्तरकीचा, आणि तोही झाला नाही.

मी राज्यशास्त्र शिकवायचो. त्यातही आंतरराष्ट्रीय संबंध, आणि त्यातही महासत्ता. माझी टिपणांची वही एकच, निळ्या पुठ्ठ्याची. नोकरीला लागलो तेव्हा तिच्या पहिल्या पानावर ‘अमेरिका आणि सोव्हिएत रशिया’ असं लिहिलं होतं. रशिया मोडला तेव्हा मी ते नाव खोडून तिथं प्रश्नचिन्ह टाकलं. पुढं काही वर्षांनी प्रश्नचिन्हही खोडलं आणि चीन लिहिलं. बाकी व्याख्यानातला शब्दही बदलावा लागला नाही. जगाच्या डोक्यावर कुणी पोलीस नाही, म्हणून प्रत्येक देशाला आपलं रक्षण आपणच करावं लागतं. एकानं भीतीपोटी शस्त्र घेतलं की शेजाऱ्याला ती हल्ल्याची तयारी वाटते आणि तो त्याहून मोठं घेतो. शेवटी दोघंही आधीपेक्षा जास्त घाबरलेले, आणि त्यांच्या मधे जो असेल त्याचे हाल. याला आमच्यात वास्तववाद म्हणतात. इतकी वर्षं हे सांगून माझा आवाज बसला, पण मुद्दा काही खोटा ठरला नाही. एखादी गोष्ट कायम खरी ठरत राहिली की तिचाही कंटाळा येतो.

छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयानं याच विषयावर बोलायला बोलावलं, तेव्हा मी खरं तर नाहीच म्हणणार होतो. पण पुण्याहून भाच्याचा, श्रीकांतचा, फोन आला. त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण आक्का, पुंडलिकनगरात एकटी राहते. वय चौऱ्याहत्तर. श्रीकांत म्हणाला, मामा, जाताच आहात तर येताना आईला घेऊनच या, घराला गिऱ्हाईक आहे. ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. आक्कानं माझं कधी ऐकल्याचं मला आठवत नव्हतं, तरी मी हो म्हणालो.

बुधवार, पुंडलिकनगर

गाडीच्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. कंबर धरली, एवढंच. सकाळी आक्काकडं पोचलो आणि पहिली चूक आंघोळीत केली. आमच्याकडं विहिरीला बारमाही पाणी, अंगावर बादली उपडी करायची सवय. मी निवांत तीन बादल्या पाण्यानं आंघोळ केली. बाहेर आलो तर आक्का न्हाणीच्या दाराशी उभी. तिनं आत डोकावून रिकामी बादली पालथी घातली. ते तिचं दोन दिवसांचं पाणी होतं हे मला दुपारी जेवताना कळलं, तेही सहज बोलता बोलता. ज्वारीची गरम भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा समोर होता, आणि मी पाण्याच्या तांब्याला हात न लावता जेवलो.

या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, शनिवारी, साधारण अकराच्या सुमाराला, दीड तास. त्या दीड तासात जमिनीखालचा हौद भरून घ्यायचा आणि पुढचा आठवडा काढायचा. लग्नाचे मुहूर्त, दवाखाना, पाहुणे, सगळं शनिवार टाळून ठरतं. इथवर ठीक. पण आक्काच्या डाव्या हाताला काकडे राहतात आणि उजव्या हाताला साळवे. पूर्वी सगळ्यांचे हौद आपोआप भरायचे. मग एका उन्हाळ्यात काकड्यांनी नळाला थेट मोटार लावली, अर्ध्या हॉर्सपॉवरची. साळव्यांचा हौद अर्धा राहिला, म्हणून त्यांनी एक हॉर्सपॉवरची लावली. मग काकड्यांनी दीडची. आता दोघांकडं दोन-दोनच्या आहेत, आणि दोघांचेही हौद पूर्वीइतकेच भरतात. मधल्या आक्काच्या नळाला मात्र करंगळीएवढी धार उरते. एकदा तपासणीचं पथक आलं होतं, तेव्हा दोन्ही मोटारी पोत्याखाली गेल्या आणि पथकाची पाठ वळताच बाहेर आल्या.

मी हे ऐकत होतो आणि मला माझी निळी वही दिसत होती. इतकं चोख उदाहरण मला छत्तीस वर्षांत मिळालं नव्हतं. मी तसं बोलूनही दाखवलं. आक्का म्हणाली, “तुला उदाहरण मिळालं, मला पाणी नाय मिळालं.”

मोटार तिच्याकडंही होती. भावजींनी हयातीत बसवलेली, जुनी, अर्ध्याची. तीन वर्षांपूर्वी भावजी गेले आणि तिनं ती बंद करून टाकली. तिचं बटण स्वयंपाकघरात कोपऱ्यात खाली होतं, आणि त्याच्यापुढं तिनं पिठाचा मोठा पत्र्याचा डबा ठेवला होता, तो जागचा हलायचा नाही. मी विचारलं, तुझी मोटार असून तू का लावत नाहीस. ती म्हणाली की मी लावली तर ते दोघं अडीचच्या आणतील. बंद ठेवली तेव्हापासून दोघंही मला बिचारी समजून पाणी देतात.

आणि खरंच देत होते. सकाळी काकड्यांची सून हंडा घेऊन आली, संध्याकाळी साळवे स्वतः. आक्काचा दंडक असा की सकाळी एकाकडून घेतला तर संध्याकाळचा दुसऱ्याकडूनच घ्यायचा. दिवाळीचा फराळ काकड्यांकडं, चौदा एप्रिलचं जेवण साळव्यांकडं. एकासमोर दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, वाईट तर नाहीच, चांगलंही नाही. अलिप्ततावादावर मी दोन सत्रं शिकवायचो. आक्का चौथीपर्यंत शिकलेली.

रात्रीच्या जेवणाआधी मी श्रीकांतचा निरोप काढला. मग तिनं एक शर्त घातली.

“बापू, शनिवारी पाणी येणार. हौद काठोकाठ भरला तर मी इथंच मरंन, कुणी घराचं नाव काढायचं नाय. नाय भरला तर गुमान तुझ्यासंगं येते. तू लोकांस्नी एवढं शिकवतो ना, मग बोल की त्या दोघांसंगं.”

गुरुवार, पैठण

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकडे गाडी घेऊन दारात. पन्नाशीचा उमदा माणूस, पैठणकडं शेती, शहरात औजारांचं दुकान. मला मामा म्हणाले आणि धरण दाखवतो म्हणून घेऊन गेले. श्रीकांतचा मामा तो सगळ्या गल्लीचा मामा. आमच्या चिपळुणात शेजाऱ्याच्या पाहुण्याला लोक फार तर हसून नमस्कार करतात.

जायकवाडीच्या भिंतीजवळ गाडी थांबवली. पाणी नजर पोचेल तिथवर. वारा नव्हता, ऊन चढायला लागलं होतं, आणि ते पाणी नुसतं पसरून पडलेलं. आमचं गाव याच पाण्याखाली आहे. मी तेव्हा शाळेत होतो, आक्काचं लग्न झालेलं. ती मुद्दाम माहेरी आली आणि घराच्या उंबऱ्याला हळदकुंकू लावून परत गेली होती. गाव गेलं ते पाणी शहराला मिळावं म्हणून, शेताला मिळावं म्हणून, आणि ते मिळतंही. फक्त आक्काच्या हौदापर्यंत येताना त्याची धार करंगळीएवढी होते. मला तिथं फार वेळ उभं राहवलं नाही.

काकड्यांनी बाजूच्या टपरीवर चहा पाजला, त्यात साखर इतकी की चमचा उभा राहावा. मग मुद्द्यावर आले. मोटार काढायला ते एका पायावर तयार होते. “पण मामा, साळव्यानं आधी काढाय पायजे. मी काढली आन त्यानं नाय काढली, तर माझ्या घरी नऊ माणसं हायेत.” आणि जाता जाता आणखी एक. आक्का जाणारच असतील तर घर आधी त्यांना विचारावं. साळव्यानं घेतलं तर एका बाजूला त्याच्या दोन मोटारी होतील, मग आपलं कसं व्हायचं. श्रीकांतनं सांगितलेलं गिऱ्हाईक कोण, हे मला तेव्हा समजलं.

शुक्रवार, वाळूज आणि शहागंज

काकड्यांबरोबर मी पैठणला गेलो हे साळव्यांना न सांगताच कळलं होतं. शुक्रवारी ते स्कूटर काढून उभे. वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, आता निवृत्त, माझ्याच वयाचे. मला सर म्हणायचे आणि वाचनही चांगलं. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पुस्तकांचं कपाट भिंतभर. माझ्या व्याख्यानाला येणार असं त्यांनी आधीच ठरवलं होतं.

पाळी सुटायच्या वेळेला आम्ही वाळूजला पोचलो. बसमागून बस, मोटारसायकलींचा लोंढा, आणि डबे लटकवलेली दमलेली माणसं. साळवे एका फाटकासमोर थांबले, आतला एक शेड दाखवला, तीस वर्षं मी तिथं होतो म्हणाले. नंतर शहागंजात नान-खलिया खाऊ घातला. मोठा पिवळा मऊ नान आणि मटणाचा लाल तवंगाचा रस्सा. आमच्याकडं मटणाला वाटलेला नारळ लागतो, इथं त्याची आठवणही झाली नाही. इतकं चांगलं मी वर्षभरात खाल्लं नव्हतं, आणि त्याच भरात रश्श्याचा थेंब माझ्या एकुलत्या एक पांढऱ्या सदऱ्यावर पडला. उद्या तोच घालून बोलायचं होतं.

साळव्यांनी खलिया संपेपर्यंत विषय काढला नाही. मग काढला तो काकड्यांच्याच शब्दांत. मोटार आज काढतो, पण आधी त्यांनी काढावी. “सर, मी थांबलो आन ते नाय थांबले, तर माझी मंडळी आजारी हाय, तिला काय सांगू?” आणि घर आधी त्यांनाही विचारावं. काकड्याचं अंगण दुप्पट झालं तर आपण कोपऱ्यात जाऊ. मी मान डोलवली. दोघंही खरं बोलत होते, दोघंही चांगले होते, आणि याच गोष्टीचा मला शीण आला.

घरी आल्यावर आक्कानं सदऱ्यावरचा डाग डाळीचं पीठ लावून एका तांब्यात काढला. मोजून एक तांब्या. बुधवारच्या तीन बादल्या आठवून मला तिच्याकडं बघवेना.

संध्याकाळी आक्काच्या ओट्यावर बैठक भरली. दोन्ही सत्ता समोरासमोर पहिल्यांदाच बसल्या, मधे चहाचं ताट. मी प्रस्ताव ठेवला: पाणी आल्यापासून पहिला पाऊण तास कुणीच मोटार लावायची नाही, नंतर दोघांनीही लावावी. साळवे फिटर माणूस, त्यांनी सुचवलं की दोघांनी मोटारीचे फ्यूज काढून आक्काकडं ठेवावेत. काकड्यांना ते लागलं. आमच्या शब्दावर भरवसा नाय का, म्हणाले. जगातले शस्त्रकरार याच कलमावर अडतात, तसं आमचंही अडलं. शेवटी असं ठरलं की फ्यूज ज्याचा त्याच्याकडं, पण भिंतीपलीकडची मोटार ऐकू येतेच, तेव्हा गल्लीत एकही मोटार वाजली की करार संपला. आक्काच्या मोटारीचा विषयही निघाला नाही. ती मेलेलीच आहे असं सगळे धरून चालले होते.

उद्या व्याख्यानाला दोघंही येतो म्हणाले, आणि उठले तेव्हा काकड्यांनी साळव्यांसाठी फाटक धरून ठेवलं. आक्का ते बघत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा झालं हे, ती म्हणाली. मला त्या क्षणी स्वतःचा अभिमान वाटला. हे लिहिताना त्याचीच लाज सगळ्यात जास्त वाटते.

शनिवार, पाण्याचा दिवस

अकरा वाजून दहा मिनिटांनी नळ खाकरला आणि पाणी आलं. करंगळी नाही, चांगली अंगठ्याएवढी धार. आक्का हौदाच्या काठावर बसली होती, हातात काही नाही, नुसती पाण्याकडं बघत. डावीकडं शांत, उजवीकडं शांत. गल्लीत कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली, करार टिकला होता. आक्कानं मला हात करून बोलावलं आणि फक्त बोट दाखवलं. हौदाच्या तळाचा कोपरा बुडाला होता.

मी हौदाच्या आतल्या विटांचे थर मोजले आणि मनाशी हिशेब मांडला. या धारेनं पाऊण तासात हौद अर्धा होणार. नंतर दोघांच्या मोटारी सुरू होणार आणि धार पुन्हा करंगळीवर येणार. म्हणजे काठोकाठ नाहीच. म्हणजे शर्त गेली, आणि माझा करारही नुसता नावापुरता.

इथं मला सरळ लिहायचं आहे, म्हणून आडपडदा ठेवत नाही. आक्कासाठी केलं असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण त्या वेळी डोक्यात आक्का नव्हती, दुपारचं व्याख्यान होतं. ‘आज सकाळीच एका गल्लीत मी हे घडवून आणलं’ हे वाक्य मी आंघोळ न करता, तोंडावर पाणी मारता मारता जुळवून ठेवलं होतं. अर्धा हौद घेऊन ते वाक्य म्हणता आलं नसतं. वाटलं, दोघंही गप्प आहेत, अर्ध्याची छोटी मोटार, आवाज तो कितीसा होणार. पाच मिनिटं फक्त. मी स्वयंपाकघरात गेलो, पिठाचा डबा दोन्ही हातांनी ओढून बाजूला केला आणि बटण दाबलं.

तीन वर्षं बंद असलेली मोटार किंचाळली. मी दचकून मागं सरलो, आणि हात पुन्हा बटणाकडं जाईपर्यंत डावीकडची मोटार सुरू झाली होती. लगेच उजवीकडची. मी आपली बंद केली, पण आता कुणाला ते ऐकू येणार नव्हतं. अंगणात आलो तेव्हा आक्काच्या नळातून पाण्याची दोरी येत होती, मग फक्त हवा.

आक्का उठली. माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, चुकून लागलं गं, दिव्याचं बटण वाटलं. ती आत गेली, पुन्हा बाहेर आली आणि फाटकाकडं चालू लागली. तिथं काकडे आणि साळवे दोघंही येऊन उभे होते, आणि मी मागं हौदापाशीच थांबलो.

“माझाच हात लागला,” ती त्यांना म्हणाली. “लोभ सुटला म्हातारीला.”

काकडे फाटकाच्या कडीकडं बघत राहिले. साळव्यांनी आसू द्या आक्का म्हटलं, पण तोंड फिरवून. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. दोघंही आपापल्या घरात गेले आणि मोटारी पाणी संपेपर्यंत चालू राहिल्या. हौदात जेमतेम वीतभर पाणी होतं.

चार वाजता मी पांढरा सदरा घालून व्यासपीठावर उभा होतो. शंभरेक मुलं, पहिल्या रांगेत एका टोकाला काकडे, दुसऱ्या टोकाला साळवे. दोघंही शब्दाला जागून आले होते. मी निळी वही उघडली. अमेरिका, चीन, क्षेपणास्त्रं, समुद्र, व्यापार. जुळवलेलं वाक्य गाळलं. पण त्याच्या पुढचं नेहमीचं वाक्य सवयीनं तोंडातून गेलं: कुणी बघत नाही असं वाटलं की प्रत्येक देश करार मोडतो. मुलांनी ते लिहून घेतलं. साळव्यांनी सावकाश मान हलवली, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर कोण आहे ते मला माहीत होतं. आक्का होती.

शेवटी एका मुलीनं हात वर केला. तिनं विचारलं, “सर, करार आधी मोडतो कोण, मोठा का लहान?” मी म्हणालो, मोठा. वहीत तसंच आहे. खरं उत्तर मला त्या सभागृहात एकट्याला ठाऊक होतं: मोठ्यांनी मोडला नव्हता, लहानानंही नाही, मोडला होता तो मध्यस्थानं. सांगायला एक मिनिट पुरलं असतं. मी वही मिटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, शाल घातली, आणि मी खाली उतरलो.

त्या संध्याकाळी आक्काकडं कुणाच्याही घरून हंडा आला नाही.

रविवार, परतीची गाडी

शर्त तिनं घातली होती, ती तिनंच पाळली. मी एकदा म्हणालो, राहू दे, श्रीकांतला मी समजावतो. ती म्हणाली, शब्द म्हणजे शब्द. एक पत्र्याची पेटी, एक पिशवी, भावजींचा फोटो. मोठ्या देशांना बांधून ठेवणारं कुणी नसतं म्हणून ते शब्द पाळत नाहीत, हे मी शिकवत आलो. आक्कालाही बांधून ठेवणारं कुणी नव्हतं.

निघताना तिनं एक गोष्ट केली. घराला कुलूप लावलं आणि किल्ली साळव्यांच्या हाती दिली. बाहेरच्या फाटकाला कुलूप लावलं आणि ती किल्ली काकड्यांना दिली. तुळशीला पाणी घाला, म्हणाली. तुळस आतल्या चौकात, म्हणजे एकाला दुसऱ्याशिवाय तिच्यापर्यंत जाताच येणार नव्हतं. दोघांनी किल्ल्या घेतल्या. कुणी तिला थांबा म्हणालं नाही. आदल्या आठवड्यात म्हणाले असते, याची मला खात्री आहे.

चिपळूण

आमच्याकडं आल्यावर आक्कानं विहीर पाहिली, पंप पाहिला, नळ सोडून पाहिला आणि बंद केला. दिवसभर ती काहीबाही करत राहते. मासे तिला आवडत नाहीत, तांदळाची भाकरी गोड लागते, तरी जेवते. फक्त शनिवारी मी एक पाहिलं. दोन शनिवार गेले, दोन्ही वेळा पावणेअकराला तिनं घरातली सगळी भांडी काढली, कळशा, पातेली, तांबे, आणि ओळीनं भरून ठेवली. आमची मंडळी म्हणाली, आक्का, नळाला चोवीस तास पाणी आहे. आक्का व्हय म्हणाली आणि शेवटचा तांब्या भरला.

श्रीकांतचे फोन येतात. काकडे तयार आहेत, साळवेही तयार आहेत, कुणाला द्यायचं ते ठरवा. मी आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो आणि रोज सकाळी थोडं थोडं हे लिहीत राहिलो. प्रवासवर्णन लिहितोय असं घरात सांगितलं होतं. सुरुवात तशीच केली होती. पण शनिवारपाशी आलो आणि पेन अडलं. दोन दिवस काही लिहिलं नाही. मग जे झालं ते लिहून टाकलं, आणि आज, गुरुवारी दुपारी, आक्काला पडवीत बसवून सगळं वाचून दाखवलं.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, “एकोणीस दिवस लागले तुला.”

मी विचारलं, म्हणजे तुला कळलं होतं?

“डबा सरकवलेला व्हता, बापू. भरलेला डबा. त्याच्यामागं दिव्याचं बटण कसं आसंल?”

मग तेव्हाच का नाही बोललीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, त्या दोघांस्नी तुझं भाषण ऐकायचं होतं. नवा सदरा घातल्यावानी खूश होते. आणि मग दुसरीकडं बघत, “मला वाटलं तिथं भाषणातच सांगशील. नाय सांगितलं. मंग वाटलं गाडीत सांगशील. म्हणून आले तुझ्यासंगं.”

सदुसष्ट वर्षांचा मी तिच्यासमोर लहानपणी बसायचो तसा खाली मान घालून बसलो. हे कागद मी दोघांनाही पाठवतो, असं म्हणालो. एक प्रत काकड्यांना, एक साळव्यांना. आक्कानं कागद माझ्या हातातून घेतले, नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवले. पोष्टानं नको, म्हणाली. दोघांच्या दारात तू उभं राहून सांग. आणि शर्त तू मोडली, तर मी कशापायी बांधलेली?

ती उठून आत गेली. पेटी ओढल्याचा आवाज आला. मग आतूनच तिनं विचारलं, उद्या सकाळची गाडी किती वाजता. मी म्हटलं, एवढी घाई कसली, दोन दिवस थांब, मीही आवरतो.

“परवा शनिवार हाय,” ती म्हणाली. “पाणी यायच्या आत पोचाय पायजे.”